साधन आणि अधिकार

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस एका तरुण स्नेह्याचे आम्हांस पत्र आले. पूर्वी ते आमच्याच कार्यालयात होते. आता त्यांची नेमणूक अंदमानात झाली आहे. पत्रात प्रकृतीची विचारपूस होती, बदलीच्या सामानात फुटलेल्या बरण्यांची हकीकत होती आणि शेवटी एक प्रश्न होता. त्यांनी समुद्रात बुडी मारण्याचे शिक्षण घ्यावयाचे ठरविले होते आणि पाण्याखाली छायाचित्रे काढण्याचाही त्यांचा मानस होता. सोबत साहित्याची यादी जोडली होती: कॅमेरा, त्याची अॅल्युमिनियमची जलाभेद्य पेटी, दोन लेन्स, दोन फ्लॅश, ते धरणारे सांध्यांचे दांडे आणि एक दिवा. यादीच्या तळाशी बेरीज होती. ती त्यांच्या पाच-सहा महिन्यांच्या पगाराएवढी भरत होती. “यांतील काय घ्यावे व काय वगळावे, हे आपण अनुभवाने सांगावे,” असे त्यांनी लिहिले होते.

अर्ध्या तासाचे काम, असे समजून आम्ही उत्तर लिहावयास बसलो. पेटीविषयी चार ओळी लिहून झाल्या आणि लेखणी अडली. ज्या मेजावर आम्ही लिहितो त्याच्या समोरच्या भिंतीवर एक चित्र टांगलेले आहे. आम्ही अंदमानात असताना सोळा मीटर खोलीवर ते घेतले. त्याची हकीकत पुढे येईलच. तूर्त एवढेच सांगतो की, त्या चित्राकडे नजर गेली आणि यादीतील वस्तूंपेक्षा त्या यादीच्या आधी यावयास हवा होता तो प्रश्न आम्हांस मोठा वाटू लागला.

आपल्याकडील जुन्या शास्त्रग्रंथांच्या आरंभी चार गोष्टी सांगून टाकण्याची रीत होती. ग्रंथाचा विषय कोणता, त्याचे प्रयोजन काय, ग्रंथाचा आणि विषयाचा संबंध कोणता, आणि तो वाचण्याचा अधिकारी कोण? यालाच अनुबंधचतुष्टय म्हणत. दुकानदाराच्या यादीत या चोहोंपैकी एकाचाही उल्लेख नसतो. ती किमतीपासून सुरू होते आणि किमतीपाशीच संपते. साधनाची निवड ही केवळ ऐपतीची आणि माहितीची बाब आहे, असे आपण धरून चालतो. आम्हीही तसेच धरले होते.

पाण्यात उतरताच हवेतले बहुतेक हिशेब चुकतात. दर १० मीटर खोलीस एका वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणून कॅमेऱ्यास पेटी लागते, आणि त्या पेटीची सारी भिस्त तिच्या सांध्यात बसविलेल्या एका बारीक रबरी कड्यावर असते. त्या कड्यावर एखादा केस किंवा वाळूचा कण राहिला तरी पाणी आत शिरते आणि सहा महिन्यांचा पगार एका क्षणात खाऱ्या पाण्यात जातो. सपाट काचेतून पाहिले असता पाण्यातील वस्तू एक चतुर्थांशाने जवळ आणि एक तृतीयांशाने मोठी भासते. रुंद देखावा टिपावयाचा असेल तर घुमटाकार काच घ्यावी लागते. रंग तर क्रमाक्रमाने गळतात. तांबडा पहिल्या काही मीटरांतच मावळू लागतो, त्यामागोमाग नारिंगी, मग पिवळा. वीस मीटरांवर सारे जग निळ्या-करड्या छटांचे होते. तेथे बोटास जखम झाली तर रक्तदेखील हिरवट दिसते. हरपलेला रंग परत आणावयाचा तर प्रकाश सोबत न्यावा लागतो. तो प्रकाशही जाताना आणि परतताना पाण्यात क्षीण होत असल्यामुळे मीटर-दीड मीटरपलीकडे त्याचा फारसा उपयोग नाही.

यावरून या कलेचा पहिला नियम निघतो. तो दोनच शब्दांचा आहे: जवळ जा. जंगलात वाघाचे चित्र घेणारा मनुष्य लांब पल्ल्याची लेन्स लावून दूर उभा राहू शकतो. दूर राहण्यातच त्याची सुरक्षितता असते आणि वाघाचीही. पाण्याखाली ती सोय नाही. तेथे अंतर म्हणजे धुके. मोठ्या देखाव्यासाठी अतिरुंद लेन्स घेतात, ती अवघा देखावा हातभर अंतरावरून टिपता यावा म्हणून. सूक्ष्म जीवांसाठी घ्यावयाची मॅक्रो लेन्स तर जवळिकीसाठीच घडविलेली असते. सर्व उपकरणांचा रोख एकीकडेच आहे. आणि आमच्या मते, या कलेतील सारे नैतिक प्रश्नही याच दोन शब्दांतून उगवतात. जवळ जावे, हे खरे. परंतु कोणी, कोणाच्या आणि कशासाठी?

एक काळ असा होता की, या प्रश्नाचे उत्तर साधन स्वतःच देत असे. १८५६ साली इंग्लंडमधील वेमथच्या उपसागरात विल्यम थॉम्पसन या निसर्गप्रेमी वकिलाने पेटीत घातलेला कॅमेरा दोरीने तळाशी सोडला. पेटीत पाणी शिरले, तरीही काचेवर काहीएक चित्र उमटले. समुद्राखालचे पहिले छायाचित्र म्हणून त्याची नोंद आहे. त्यानंतर १८९३ मध्ये फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर बान्यूल्स येथे लुई बुतां हा प्राणिशास्त्रज्ञ पाणबुड्याचा जड पोशाख चढवून स्वतः खाली उतरला. काही चित्रांसाठी त्याला अर्ध्या तासापर्यंत प्रकाश द्यावा लागे. पुढे प्रकाशासाठी ऑक्सिजन भरलेल्या पिंपावर स्पिरिटचा दिवा बसवून त्याच्या ज्योतीत मॅग्नेशियमची पूड फुंकण्याची योजनाही झाली. १९२६ मध्ये फ्लोरिडाजवळ लाँग्ली आणि मार्टिन या जोडीने पाण्याखालची पहिली रंगीत चित्रे घेतली, तीही तराफ्यावर मॅग्नेशियमच्या पुडीचा भडका उडवून. एवढा खटाटोप करण्याची ज्याची तयारी नाही, त्याला समुद्र आपल्या जवळ येऊच देत नव्हता. अधिकाराची परीक्षा साधनाच्या अवघडपणातच होऊन जात असे.

पुढे साधने सोपी होत गेली. १९४३ मध्ये कुस्तो आणि गान्यां यांनी पाठीवर बांधावयाच्या हवेच्या नळकांड्यांसाठी श्वसनयंत्र सिद्ध केले. बेल्जियन अभियंता ज्यां द वूतेर याने कुस्तोसाठी पेटीवाचून पाण्यात नेता येणारा कॅमेरा घडविला, आणि त्याच घडणीवरून १९६३ पासून निकॉनॉस या नावाचा कॅमेरा जपानमधून बाजारात आला. आज खिशात मावणारा कॅमेरा पेटीशिवाय पंधरा मीटरपर्यंत जातो. ही प्रगती आहे, आणि तिचा आम्हांस आनंद आहे. परंतु जी परीक्षा साधनात होती ती साधनातून निघून गेली आणि तिच्या जागी दुसरी कोणतीच आली नाही. आता ती ज्याची त्यानेच घ्यावयाची आहे.

मात्र यावरून जुने लोक अधिक सत्शील होते, असा निष्कर्ष कोणी काढू नये. कुस्तो आणि लुई माल यांचा ‘मौनाचे जग’ या अर्थाच्या फ्रेंच नावाचा बोलपट १९५६ मध्ये कान येथे सर्वोच्च पारितोषिकाचा मानकरी ठरला. समुद्राच्या पोटातील रंग लक्षावधी लोकांनी त्यात प्रथम पाहिले. त्याच बोलपटात प्रवाळाजवळ सुरुंग उडवून मासे मोजल्याचे दृश्य आहे. जहाजाच्या पंख्याने जायबंदी झालेले देवमाशाचे पिलू मारल्यावर त्याच्यावर तुटून पडलेल्या शार्कांची खलाशांनी केलेली कत्तलही त्यात आहे. तेच कुस्तो उत्तरायुष्यात समुद्ररक्षणाचे जगातील सर्वांत प्रभावी पुरस्कर्ते झाले. ज्ञान, साहस आणि उत्तम साधने ही तिन्ही असतानाही दृष्टी यावयास वेळ लागतो, एवढाच याचा अर्थ.

आता प्रयोजन. फ्लॅश घ्यावा की न घ्यावा, हा वरकरणी तांत्रिक प्रश्न आहे. त्याच्या पोटात सत्याविषयीचा एक प्रश्न दडलेला आहे. खडकाच्या कपारीत दिवसभर राहणारा एक तांबडा मासा असतो. खोल पाण्यात तांबडा रंग पोहोचत नसल्यामुळे तो काळसर दिसतो आणि अंधारात मिसळून जातो. तांबडेपण हेच त्याचे लपण्याचे वस्त्र. आपण फ्लॅश उडविला की तो कुंकवासारखा लाल उजळतो. मग खरा मासा कोणता? त्याच्या अंगी तो रंग आहेच, म्हणून आपले चित्र खोटे म्हणता येत नाही. परंतु त्याच्या घरात दिवसा तो कोणालाही तसा दिसत नाही, हेही तितकेच खरे. जात ओळखण्यासाठी चित्र हवे असेल तर फ्लॅश योग्यच आहे. समुद्रात उतरल्याचा अनुभव सांगावयाचा असेल तर नुसता वरून झिरपणारा निळा उजेड आणि फार तर एक तांबडी काचपट्टी पुरेशी आहे. आपल्याला यांपैकी काय हवे आहे, हे ठाऊक नसताना जो दोन फ्लॅश विकत घेतो, त्याचे प्रयोजन त्याचे साधन ठरविते.

यानंतर संबंध. पाहणारा आणि पाहिला जाणारा यांच्यात पाण्याखाली एक विलक्षण विषमता असते. आपण पाठीवर पाऊणएक तासाची हवा बांधून आलेले पाहुणे. ज्याचे चित्र घेतो तो घरचा धनी, आणि त्याला दार लावून घेण्याची सोय नाही. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात तळाशी राहणाऱ्या माशांवर फ्लॅशचा काय परिणाम होतो ते तपासले होते. माणसाच्या नुसत्या उपस्थितीहून फ्लॅशचा त्रास फारसा अधिक आढळला नाही. खरा त्रास झाला तो हात लावल्याने आणि ढोसल्याने. कॅरिबियन समुद्रातील सेंट लुशिया बेटाजवळच्या एका पाहणीत असेही दिसले होते की, कॅमेरा बाळगणारे इतरांपेक्षा प्रवाळास अधिक वेळा धडकतात किंवा टेकतात. म्हणजे दोष यंत्राच्या डोळ्यात नाही. डोळा यंत्राला लागला की उरलेले शरीर अनाथ होते, गुडघे, पाय, कोपर कोठे आहेत याची शुद्ध राहत नाही. दोष आहे तो तेथे.

आता भिंतीवरच्या चित्राविषयी. अंदमानातील आमच्या दुसऱ्या वर्षी आम्ही थकबाकीची रक्कम हाती येताच संपूर्ण साहित्य एकदम घेतले. त्यापूर्वी जेमतेम वीस-पंचवीस बुड्या झाल्या असतील. हॅवलॉक बेटाजवळ, ज्यास २०१८ पासून स्वराजद्वीप म्हणतात, एका खडकाच्या कपारीत तो तांबडा मासा आम्हांस दिसला. डाव्या बाजूस खडकावर दोन हात रुंदीचा एक सागरपंखा उभा होता. सागरपंखा म्हणजे प्रवाळाच्याच कुळातला, जाळीदार पिंपळपानासारखा पसरलेला जीवसमूह. प्रवाह उजवीकडून येत होता. पेटी, फ्लॅश आणि दांडे यांचे ओझे हात खाली ओढत होते. एक चित्र घेतले, ते अंधारे आले. दुसऱ्यात पाण्यातील कण चमकले. तिसऱ्यासाठी स्थिर राहावे म्हणून आम्ही डावा गुडघा टेकला. वाळलेली काटकी मोडावी तसे काहीतरी गुडघ्याखाली जाणवले. आम्ही पाहिले नाही. मासा समोर होता, प्रकाश जुळला होता. आम्ही चित्र घेतले आणि मग खाली पाहिले.

पंख्याचा निम्मा भाग वाळूत पडला होता. असा पंखा वाढावयास कित्येक वर्षे लागतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत २००१ मध्ये प्रवाळांबरोबर सागरपंख्यांचाही समावेश झाला आहे. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने तो वाघाच्या पंक्तीस बसतो. आम्हांस हे कलम ठाऊक होते. किनाऱ्यावरील कामांच्या कागदांवर ते उद्धृत करून आम्ही शेरेही मारले होते.

परंतु आमच्या मनात आजवर सलत राहिली आहे ती याहून वेगळी गोष्ट. आमच्याबरोबर करेन समाजातील एक तरुण वाटाड्या होता. एरवी कोणा प्रवाशाच्या पायातील पंख प्रवाळास नुसते लागले, तरी तो धातूच्या दांडीने आपल्या टाकीवर टकटक करून त्यास सावध करी. हे आम्ही अनेकदा पाहिले होते. त्या दिवशी तो आमच्यापासून चार हातांवर होता. त्याने सारे पाहिले आणि टकटक केली नाही. नावेवर आल्यावर त्याने टाकी उतरविण्यास हात दिला आणि विचारले, “फोटो अच्छा आया, साहब?” आम्ही हो म्हणालो. त्याच्या गप्प राहण्याचे कारण आम्ही समजून होतो. आम्ही अधिकारी होतो.

‘अधिकारी’ या शब्दाचा शास्त्रातला अर्थ, ज्याने योग्यता संपादन केली आहे तो. कचेरीतला अर्थ, ज्याला इतरांनी अडवावयाचे नसते तो. एकच शब्द या दोन अर्थांत किती दूर गेला आहे, हे आम्हांस त्या नावेवर समजले. पहिल्या अर्थाने त्या ठिकाणी एकच अधिकारी होता, आणि तो आमची टाकी उचलत होता.

यावर कोणी म्हणेल की, मग हा छंदच सोडून द्यावा. आम्हांस तसे वाटत नाही. समुद्राच्या तळाशी काय आहे, हे आपल्यापैकी बहुतेकांना चित्रांवाचून कधीच कळणार नाही. १९९८ आणि २०१६ साली समुद्र तापून लक्षद्वीपचे प्रवाळ पांढरे पडले. २०२४ मध्ये जगभरच्या समुद्रांत तेच पुन्हा घडत असल्याचे जाहीर झाले. त्या पांढरेपणाची चित्रे कोणी घेतली नसती, तर किनाऱ्यावरच्या माणसास ती केवळ बातमी राहिली असती. म्हणून हलके साधन ते नीतीचे आणि भारी ते अनीतीचे, असेही म्हणता येणार नाही. उलट नेमके साधन पुष्कळदा इजा टाळते. लाजाळू जिवासाठी ६० मिलिमीटरऐवजी १०० मिलिमीटरची मॅक्रो लेन्स घेतली तर थोडे दूर राहून काम होते. दांड्यांना तरंगणारे नळे जोडले म्हणजे पेटीचे ओझे पाण्यात शून्यवत होते आणि हात खाली ओढले जात नाहीत. फ्लॅश बाहेरच्या बाजूस कसे वळवावेत हे आधी पोहण्याच्या तलावात शिकले, तर पाण्यातील कण चमकल्यामुळे दुसरे-तिसरे चित्र घेण्याची वेळ येत नाही. आमच्या वाईट चित्रांनी जितका वेळ खाल्ला, तितकाच त्या पंख्याचा धोका वाढला. अडाणीपणा हाही नीतीचा प्रश्न होऊ शकतो.

बदलीवर परमुलखात जाणाऱ्या आपणां मंडळींना यात फार नवे नसावे. नव्या जिल्ह्यात आपण रुजू होतो तेव्हा सही, शिक्का आणि गाडी ही साधने पहिल्याच दिवशी हाती येतात. तेथली भाषा, कोणाच्या शेताचा बांध कोठे आहे, कोणता सण कोणाच्या दुःखाचा आहे, हे कळावयास वर्ष जाते. आपले मोठे प्रमाद बहुधा त्याच वर्षात घडतात, आणि ते घडताना भोवतालची माणसे काहीच बोलत नाहीत. त्यांच्या मौनास आपण संमती समजतो.

शेवटी त्या स्नेह्यांस आम्ही जे लिहिले त्याचा सारांश असा. यादी तूर्त बाजूस ठेवावी. आधी स्वतःच्या तोंडावर नीट बसणारा मास्क घ्यावा, आणि पहिला हंगाम रिकाम्या हातांनी उतरावे; घरी रजेवर याल तेव्हा मालवणजवळ तारकर्लीसही सराव करता येईल. हात छातीशी बांधून, तळापासून हातभर वर, एका जागी पाच मिनिटे श्वासाच्या आधाराने तरंगत राहता येते का, हे पाहावे. ते जमले की खिशातला लहान कॅमेरा न्यावा. त्याने काढलेल्या चित्रांत कोणत्या गोष्टीची उणीव वारंवार भासते ते सहा महिने टिपून ठेवावे. लेन्स कोणती घ्यावी हे ते टिपणच सांगेल. प्रकाश सर्वांत शेवटी. वाळूत रोवावयाची किंवा माशास हलवावयाची लोखंडी काठी दुकानदार दाखवील, ती घेऊच नये. हवा आणि सोबती यांच्याकडे दर दोन-तीन मिनिटांनी पाहण्याची सवय मोडत असेल, तर त्या दिवशी कॅमेरा नावेवरच ठेवावा. आणि पहिल्या बुडीपूर्वी वाटाड्यास बाजूस घेऊन स्पष्ट सांगावे की, पाण्याखाली साहेब तो आहे. चूक दिसली की त्याने टाकीवर टकटक करावी. त्याने ती केली की वर आल्यावर प्रथम त्याचे आभार मानावेत, म्हणजे पुढच्या वेळी तो पुन्हा करील.

एवढे लिहून पत्र टाकले. चित्र अजून भिंतीवर आहे. ते उतरवावे असे अनेकदा मनात आले. परंतु उतरविल्याने पंखा जोडला जाणार नाही, आणि आमची आठवण मात्र सोयीस्करपणे पुसट होईल. येणारे पाहुणे त्या लाल माशाची तारीफ करतात आणि कॅमेरा कोणता होता, असे विचारतात. पूर्वी आम्ही कॅमेऱ्याचे नाव सांगून थांबत असू. आता नाव सांगतो, आणि मग चौकटीच्या डाव्या कडेबाहेर, कोऱ्या भिंतीवर बोट ठेवून तेथे काय होते तेही सांगतो.